पोटात ठेवलेलं कपाळ

"काकांच्या कवटीचा एक तुकडा आम्ही त्यांच्या पोटात ठेवलाय," सर्जनबाई म्हणाल्या, आणि रंगाऱ्याच्या बायकोला हसू फुटलं.

ती काही हसायची वेळ नव्हती. नवरा आत बेशुद्ध पडलेला, लेक बाकावर रडून रडून डोळे सुजवून बसलेली, आणि हिला दवाखान्याच्या त्या पांढऱ्या बोळात तोंडावर हात दाबून धरावा लागला. तरी हसू ऐकेना. सर्जनबाई वयानं लहान, लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. पण त्या रागावल्या नाहीत. असल्या बातम्या ऐकून माणसं काय काय करतात ते त्यांनी पाहिलेलं असावं.

"आई!" लेक दबक्या आवाजात ओरडली.

"अगं, हे त्यांनाच ऐकवायला हवं होतं," ती म्हणाली. "वर्षभर पुरवलं असतं त्यांनी." आणि मग जसं फुटलं होतं तसंच ते हसू रडण्यात वाहून गेलं.

तिचा नवरा घरं रंगवायचा, पण गल्लीत त्याची ओळख रंगावरून नव्हती, तोंडावरून होती. लोक त्याला रेडिओ म्हणत. भिंतीला पहिला हात देऊन होईपर्यंत त्या घरातली सगळी भांडणं त्याला कळलेली असत, आणि दुसरा हात मारून होईपर्यंत त्यातली निम्मी त्यानं मिटवलेली असत. ती स्वतः पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची आणि स्वभावानं अबोल. संसाराच्या सुरुवातीला तिनं त्याच्या बोलण्यात मध्ये शिरायचा प्रयत्न करून पाहिला होता, पण ते धावत्या गाडीत चढण्यासारखं. मग तिनं नाद सोडला. घरात बोलायचं खातं त्याचं आणि ऐकायचं तिचं, असं आपोआपच ठरून गेलं, आणि खरं सांगायचं तर त्यात तिला काही कमी वाटलं नाही.

उंच उंच इमारतींना बाहेरून दोरीवर लोंबकळत रंग दिलेला हा माणूस पडला तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून. हातात रंगाचा डबा, मागे वळून कुणाशी तरी बोलत उतरत होता, आणि पायऱ्या संपल्या असं वाटलं तिथं त्या संपल्या नव्हत्या. डोकं डावीकडून फरशीवर आपटलं. अगदी कपाळमोक्ष झाला नाही, पण थोडक्यात चुकला.

सर्जनबाईंच्या खोलीत टेबलावर प्लॅस्टिकची एक कवटी होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती दोघी मायलेकींपुढे ठेवली.

"हे बघा, कवटी म्हणजे एकच हाड नसतं. हे पुढचं कपाळाचं. टाळूच्या दोन बाजूंना ही दोन. मागे हे एक. आणि हे कानशिलाचं, सगळ्यांत पातळ. म्हणून कानाखाली वाजवीन असं जे म्हणतात ना, ते कधी करू नये."

"आणि या रेघा?" तिनं विचारलं. हाडांच्या मधून नागमोडी रेघा गेलेल्या होत्या, एका हाडाचे दाते दुसऱ्यात गुंतलेले.

"सांधे. बाळ जन्मतं तेव्हा ही हाडं सुटी असतात, म्हणून तर त्याला बाहेर येता येतं. पुढे मोठं होता होता ती एकमेकांत गुंततात." त्यांनी कवटी वळवली. "आता हात मुरगळला तर तो सुजतो, फुगायला त्याला बाहेर मोकळी जागा असते. मेंदू सुजला तर तो जाणार कुठं? चहूबाजूंनी भिंत. म्हणून आम्ही भिंतीचा एवढा भाग काढला." त्यांनी आपला तळहात कवटीच्या डाव्या अंगाला, कपाळापासून कानामागेपर्यंत ठेवला. "काढलेलं हाड बाहेर ठेवून चालत नाही. काही ठिकाणी फ्रीजरमध्ये ठेवतात, आमच्याकडे ती सोय नाही. मग पोटाच्या कातडीखाली जागा करून तिथं ठेवायचं. आपल्याच अंगात, उबेला राहतं. सूज उतरली की परत बसवायचं."

"आणि बाबा बोलतील ना?" लेकीनं विचारलं.

सर्जनबाईंनी कवटी खाली ठेवली. "मार डाव्या बाजूला आहे," त्या म्हणाल्या. "भाषा बहुतेक माणसांची तिथंच असते. बघू या."

तो शुद्धीवर आला, जेवू लागला, आधार दिला तर चालू लागला. उजवा हात जड झाला होता. पण बोलणं नाही. घरी आणल्यावर गल्लीतली माणसं भेटायला येत, सवयीनं पाच मिनिटं त्याच्या तोंडाकडे बघत बसत, आणि मग काय करावं ते न सुचून उठून जात. त्याचं डोकं डावीकडून बसकं झालं होतं, फळाला आपटून खळगा पडावा तसं. खळग्यावरची कातडी बारीक हलायची. नाडीबरोबर उठायची, पडायची.

ती त्या बाजूला बघायची नाही. अंघोळ घालायची, दाढी करायची, बूट चढवायची, सगळं करायची. पण त्या डाव्या अंगापाशी आली की तिचा हात आपोआप लांबून जायचा. आपलं बोट आत जाईल, असं तिला वाटायचं. सर्जनबाईंनी सांगितलं होतं, डाव्या कुशीवर झोपू द्यायचं नाही आणि उभं राहायचं तर डोक्यावर शिरस्त्राण हवंच. दवाखान्यातून मिळालेलं ते निळं टणक शिरस्त्राण त्यानं पहिल्याच दिवशी भिरकावून दिलं. तिनं उचलून आणलं, त्यानं परत भिरकावलं. तिसऱ्यांदा आणलं तेव्हा त्याच्या तोंडून अपघातानंतरचा पहिला शब्द बाहेर पडला.

"नको."

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. नवऱ्यानं नकार दिला म्हणून एवढा आनंद झालेली बाई त्या गल्लीत दुसरी नसेल.

"बरं, नको," ती म्हणाली. "मी शिवते."

दुकानातून तिनं जाड कॅनव्हासचे तुकडे आणले, सोफ्याच्या गाद्यांत घालतात तो फोम आणला, आणि अस्तराला त्याचाच एक रंगाचे डाग पडलेला जुना सदरा काढला. अडलं ते मापाशी. जन्मभर तिनं खिडक्यांची मापं घेतलेली, खिडकीला काही दुखत नाही. टेप हातात घेऊन ती त्याच्या मागे उभी राहिली. उजवीकडून टेप आणला, मागून फिरवला, आणि डावीकडे आल्यावर हवेतच धरून ठेवला.

त्याला कळलं. त्यानं डावा हात वर केला, तिची बोटं पकडली आणि त्या खळग्यावर ठेवली.

ऊब होती. आणि तिच्या बोटांखाली ठक, ठक, ठक. तिला एकदम ओळख पटली. लेक जन्मली तेव्हा तिच्या टाळूवर हेच होतं, अशीच मऊ जागा, असंच धडधडणारं. तेव्हाही ती अशीच घाबरली होती, बाळाला टोपडं घालायला हात धजत नव्हता. आणि तेव्हा हाच माणूस म्हणाला होता, "अगं, वरून थोडं उघडं ठेवलंय. सगळी अक्कल एकदम मावत नाही, जरा जरा घालावी लागते."

ती बराच वेळ बोटं तशीच ठेवून उभी राहिली. त्यानं डोळे मिटले होते. मग तिनं माप घेतलं.

टोपी चांगली झाली. बाहेरून राखाडी, डावीकडे जाड, हनुवटीखाली बंद. त्यानं आरशात पाहिलं आणि ती डोक्यावर राहू दिली. कामावरून आलेल्या लेकीनं दारातूनच बघितलं.

"झालं!" ती म्हणाली. "शेवटी आईनं बाबांना टोपी घातलीच."

त्याच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. उजवी थोड्या वेळानं मागून आली.

मग शब्द येऊ लागले, पण कुणी कपाटातले कप्पे उलटेपालटे करून ठेवावेत तसे. पाण्याला तो चप्पल म्हणायचा. उशीला पाव. तहान लागली की "चप्पल दे", आणि दिली नाही तर संताप. हळूहळू दोघींनी ती भाषा शिकून घेतली. लेकीनं तर "बाबा, चप्पल गार हवी की साधी?" असं विचारायला सुरुवात केली. बायकोला तो कुलूप म्हणू लागला. "ए कुलूप!" अशी हाक आली की ती जायची. शब्द चुकून आलाय की इतक्या वर्षांच्या तिच्या न बोलण्याचा हिशोब त्यानं आत्ता मांडलाय, हे तिला कळत नसे. विचारावं तर उत्तर काय येईल याचा भरवसा नव्हता.

एकदा सकाळी तो कपाळाला आठ्या घालून बसला होता. तिनं विचारलं, "अहो, डोकं दुखतंय का?"

त्यानं मान डोलावली आणि हात पोटावर ठेवला.

"पोट दुखतंय?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. डोक्याकडे बोट दाखवलं, आणि परत हात पोटावर, त्या हाडाच्या उंचवट्यावर ठेवला. तिनं लेकीला हाक मारली. लेक फोन घेऊन डॉक्टरांचा नंबर लावायला लागली, ही त्याचा सदरा वर करून बघायला लागली, आणि मग दोघींना एकदमच जाणवलं की तो गदगदा हलतोय. हसत होता. डोकं कुठं दुखतंय ते त्यानं बरोबर दाखवलं होतं.

"अरे देवा," लेक मटकन खाली बसली. "बाबा, जीव घ्याल आमचा."

बायकोनं आत जाऊन नळ सोडला आणि वाहत्या पाण्यापाशी उभी राहून मनसोक्त रडली. रेडिओ बंद पडला नव्हता. आत कुठंतरी लागलेला होता.

तो विनोद मग घरचा झाला. कुणीही तब्येत विचारली की हात पोटावर. शेजाऱ्यांनाही तो पाठ झाला. म्हणूनच, काही आठवड्यांनी एका दुपारी त्यानं पोटावर हात ठेवून तोंड वाकडं केलं, तेव्हा ती हसली. "हो, कळलं, डोकं दुखतंय," म्हणाली आणि शिवणाच्या मशीनवर बसली. त्यानं परत हात ठेवला. ती परत हसली. संध्याकाळी त्याचा सदरा बदलताना तिनं पाहिलं, तर पोटावरची कातडी लालभडक झाली होती आणि हात लावला तर चटका बसत होता.

हाडाला जंतुसंसर्ग झाला होता. ते काढून टाकावं लागलं. काढून टाकलं म्हणजे टाकूनच दिलं. परत बसवण्यासारखं ते उरलं नव्हतं.

"मी हसले हो," ती सर्जनबाईंना म्हणाली. "दुपारी सांगत होते ते मला, आणि मी हसले."

"काकू, दुपारी आणलं असतं तरी हेच करावं लागलं असतं," सर्जनबाई म्हणाल्या. "खरंच सांगतेय. तुमचं मन राखायला नाही. मन राखायला मला जमत नाही, इथले सगळे सांगतील तुम्हाला."

तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण ते ऐकून तिला त्या रात्री झोप लागली.

तो मात्र खचला. घरी आल्यावर दिवसभर त्याचा हात पोटावर असायचा, पण आता विनोदासाठी नाही. तिथं जे होतं ते चाचपायचा आणि सापडायचं नाही. "गेलं," असं म्हणायचा. हा शब्द बरोबर होता, त्यात चूक नव्हती, म्हणूनच तो ऐकवत नव्हता. आपल्या कपाळात काय लिहिलंय ते कुणाला कळत नाही असं आपण म्हणतो. ह्या माणसाचं तर कपाळच कुणीतरी बादलीत टाकून दिलं होतं.

त्या जागी कृत्रिम हाड बसवता येतं, असं सर्जनबाईंनी सांगितलं. डोक्याचे फोटो काढून, उरलेल्या बाजूवरून माप घेऊन, अगदी बेतून तयार करतात. तो म्हणाला, "नको." पुढच्या वेळी बोलावलं तेव्हा गाडीत बसायलाच नको. लेकीनं समजावलं, रागावली, शेवटी रडली. नको म्हणजे नको. डोकं दुखणं वाढत चाललं होतं, उभं राहिलं की खळगा आणखी आत ओढला जायचा, आणि आलेले शब्दही थकल्यासारखे मागे मागे राहायला लागले होते.

एका रविवारी लेक बाहेर गेलेली असताना ती मशीन बंद करून त्याच्यासमोर येऊन बसली. तिला बोलायची सवय नव्हती, पण विचारायचं कुणीतरी हवं होतं.

"दुखेल म्हणून नको?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मरायची भीती वाटते?"

त्यानं हात हलवला, थोडीशी, पण ते नाही.

"खर्चाचं असेल तर..."

त्यानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती गप्प झाली. मग त्यानं दोन बोटं ओठांपाशी नेली, तोंडातून काहीतरी बाहेर ओढून काढल्यासारखं केलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि ते सगळं मुठीत घट्ट धरलं. मूठ छातीशी नेली. मग मूठ उघडून रिकामा तळहात तिला दाखवला.

तिला समजायला क्षणभर वेळ लागला. "आलेले शब्द परत जातील म्हणून?"

त्याचे डोळे भरून आले.

अशा वेळी काय म्हणायचं ते त्यालाच येत असे. एखाद्या बाईचा मुलगा परगावी निघाला, कुणाची नोकरी गेली, की ब्रश थांबवून तो असं काही बोलायचा की माणसाला धीर यायचा. तिच्याकडे तसलं काही नव्हतं. तिनं त्याचा तो उघडा तळहात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मलाही तीच भीती वाटते," ती म्हणाली. "शुद्धीवर आलात तेव्हापासून. रोज सकाळी तुम्ही कुलूप म्हणून हाक मारली की मला हायसं वाटतं. पण तुम्ही खुर्चीतून उठता ना, तेव्हाही माझा जीव टोपीत अडकलेला असतो. एकदा त्यांच्याशी बोलून तरी या. नको म्हणायचं तर त्यांच्या तोंडावर म्हणा. मी तुमचा नको कुणाला पोचवणार नाही."

तो गेला. गाडीत तोंड फिरवून बसला, पण गेला.

सर्जनबाई समजूत घालत बसल्या नाहीत. शब्द जाणार नाहीत अशी हमी देता येत नाही, एवढं त्या सरळ म्हणाल्या. मात्र हाड नसल्यामुळे बाहेरची हवा मेंदूला दाबते, ते थांबलं तर उलट सुधारणाही होते, असं त्यांनी बऱ्याच जणांत पाहिलं होतं. मग त्यांनी कपाटातून एक कवटी काढली. टेबलावरच्या कवटीसारखी ती नव्हती. हिच्या डाव्या अंगाला मोठं भोक होतं.

"काका, ही तुमची," त्या म्हणाल्या. "फोटोंवरून मशीननं बनवलीय. हिच्यावर बसवून बघूनच तुमचं नवीन हाड करणार."

लेक दचकली. त्यानं मात्र हात पुढे केला. स्वतःची कवटी मांडीवर घेऊन तो बघत बसला. डोळ्यांच्या खोबण्या, गालाचं हाड, पुढचा एक दात जरा पुढे आलेला, तोसुद्धा तस्साच. मग त्याचा डावा अंगठा भोकाच्या कडेवरून फिरू लागला. बायकोनं तो अंगठा ओळखला. नवीन भिंतीसमोर उभा राहिला की तो असाच हात फिरवायचा, कुठं पोपडे आहेत, कुठं चीर आहे, कुठं ओल आहे ते बघायला. कपाळावर आठी आली. ती आठी भीतीची नव्हती, कामाची होती.

"लांबी," तो म्हणाला.

"लांबी?" सर्जनबाईंनी संगणकाकडे पाहिलं. "लांबी घेतलीय ना. लांबी, रुंदी, गोलाई, सगळं मोजलंय."

त्यानं जोरजोरात मान हलवली. "लांबी! लांबी!"

"अहो, ती लांबी नाही," बायको म्हणाली, आणि तिला परत तसंच हसू फुटायला लागलं. "भिंतीतल्या खड्ड्यांत भरतात ती लांबी. पुट्टी. रंग द्यायच्या आधी."

सर्जनबाई थांबल्या, आणि मग त्याही हसल्या. "बरोबर. तेच करायचंय. खड्डा भरायचा."

त्यानं एक बोट वर केलं. अजून झालं नव्हतं. अंगठा कडेवर परत फिरवला. "घास," तो म्हणाला. "कड. घास."

"कडा घासून घ्यायच्या? हाताला जोड लागता कामा नये?"

"हां."

"घासून एकसारखी करणार. तुम्ही हात फिरवून बघा नंतर. जोड लागला तर मला बोलवा."

त्यानं कवटी त्यांना परत दिली, जरा नाइलाजानंच दिल्यासारखी. "बरं," म्हणाला.

ऑपरेशनच्या दिवशी मायलेकी त्याच बोळात, त्याच बाकावर बसल्या. लेकीचा पाय एकसारखा हलत होता. तो थांबावा म्हणून आई बोलायला लागली. आधी दुकानातल्या एका गिऱ्हाईक बाईचं सांगितलं, जिनं पडदे तीनदा उसवायला लावले. मग सांगायला दुसरं काही राहिलं नाही म्हणून म्हणाली, "तुझे बाबा आमच्या घराला रंग द्यायला आले होते, ठाऊक आहे तुला?"

"एवढंच ठाऊक आहे. पुढचं ते सांगायचे ते सगळं खोटं वाटायचं."

"खोटंच असायचं. खरं असं की मी खिडकीपाशी शिवत बसायचे, आणि ते रोज तीच खिडकी रंगवायचे. सगळं घर झालं, खिडकी होईना. माझे वडील म्हणाले, या खिडकीला हात किती देणार? तर हे म्हणाले, लाकूड फार पितंय. मी खाली मान घालून टाके घालतेय आणि हसू आवरत नाहीये. सुई बोटात गेली माझ्या."

लेकीचा पाय थांबला होता. "आई, तू कधी सांगितलं नाहीस हे."

"सांगायला जागा कुठं होती, बाळा?"

ती सांगत राहिली. किती वेळ, ते तिलाही कळलं नाही. सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा तिचं वाक्य अर्धं राहिलं.

ऑपरेशन नीट झालं होतं. पण तो बोलेना. चेहरा सुजलेला, एक डोळा पुरता मिटलेला, डोक्याला पांढरं बांधलेलं. बोलवलं की बघायचा, हात दाबायचा, आणि पुन्हा झोपायचा. दुसरा दिवसही तसाच गेला. "नको" नाही, "चप्पल" नाही, "कुलूप" नाही. सर्जनबाई म्हणाल्या थांबू या. ती थांबली. त्याची मूठ उघडून तिनं आपला हात त्यात देऊन ठेवला, रिकामी दिसू नये म्हणून.

पुढच्या सकाळी नर्सनं पेज आणली. तिनं त्याला उशीला टेकवून बसवलं आणि पहिला चमचा भरवला. त्यानं गिळलं. तोंड वाकडं केलं.

"मीठ नाही," तो म्हणाला.

तिच्या हातातला चमचा वाटीत पडला. "काय म्हणालात?"

"मीठ नाही ह्यात," तो जरा मोठ्यानं, बहिऱ्याला सांगावं तसं म्हणाला. मिठाला मीठ म्हणाला होता.

ती तशीच उठली, बोळातून जवळजवळ पळत गेली, आणि कुणाबरोबर तरी बोलत उभ्या असलेल्या सर्जनबाईंचा हात धरून म्हणाली, "डॉक्टर, कुरकुर करताहेत हो! जेवणाला नावं ठेवताहेत!" सर्जनबाईंनी सगळ्यांसमोर तिला मिठी मारली. मन राखायला जमत नाही म्हणणाऱ्या बाई त्या.

पट्ट्या सुटल्या तेव्हा त्यानं आरसा मागितला नाही. आधी हात फिरवला. कपाळावरून, कानशिलावरून, मागेपर्यंत. सर्जनबाई समोर उभ्या. एका जागी त्याचा अंगठा थांबला, मागे आला, पुन्हा गेला. सगळे श्वास रोखून बघत होते.

"चालेल," तो म्हणाला.

पुढे सगळंच परत आलं असं नाही. उजव्या हातात बारीक काम करण्याएवढा जोर काही आला नाही. शब्द आले, पुष्कळ आले, आपापल्या कप्प्यांतूनही येऊ लागले, पण पूर्वीसारखे धबाधबा नाही. एकेक, शोधून, जणू बाजारातून निवडून आणलेले. गल्लीतले लोक आता येऊन बसू लागले, कारण कुणीतरी बोलायला असायचं. ती असायची. एकदा सुरुवात झाल्यावर तिचं बोलणं थांबेना. दुकानातली, रस्त्यातली, इतक्या वर्षांत ऐकून ऐकून पोटात ठेवलेली सगळी बोलणी तिनं बाहेर काढली, आणि तो पायावर पाय टाकून, हनुवटी तळहातावर टेकवून, तिच्या तोंडाकडे बघत ऐकायचा. मध्येच एखादा शब्द टाकायचा. तो बहुतेक वेळा असा नेमका पडायचा की सगळे हसायचे.

वसंतात लेकीनं कामाच्या जागेजवळ स्वतःची एक खोली घेतली. भिंती मळकट होत्या. दुसरा रंगारी बोलवायची गोष्ट निघाली तर त्याचं तोंड एवढं उतरलं की ती पुन्हा कुणी काढली नाही. एका सुट्टीच्या सकाळी तिघं तिथं गेले. त्यानं खिडकीपाशी खुर्ची टाकून घेतली, रंगात पाणी किती घालायचं ते दाखवत लेकीच्या हातून तो काठीनं ढवळून घेतला, आणि बायकोच्या हाती रोलर दिला.

तिनं आयुष्यात पहिल्यांदाच रोलर धरला होता. भिंतीशी वैर असल्यासारखी ती वरखाली रेटायला लागली, आणि रेटता रेटता बोलत होती, त्या पडदेवालीनं आता चौथ्यांदा उसवायला आणले आहेत म्हणून. रंग लागत होता आणि दिसेनासा होत होता. ती परत भरायची, परत रेटायची.

"हळू," तो म्हणाला.

"अहो, बसतच नाहीये रंग. बघा ना, आत्ता दिला, गेला."

तो खुर्चीतून उठला, तिच्या मागे येऊन उभा राहिला. तिच्या हातावर हात ठेवून त्यानं रोलर थांबवला. शब्द जमवायला त्याला वेळ लागला. लेक काहीतरी सुचवणार होती, आईनं नजरेनंच तिला गप्प केलं.

"पहिला हात," तो म्हणाला, "भिंत पिते. पिऊ दे तिला."

मग त्यांनी रोलर पाण्यात ठेवला आणि तिघं जमिनीवर भिंतीसमोर ओळीनं बसले, ती ओली भिंत वाळायची वाट बघत.

"हां," तो तिला म्हणाला. "मग? चौथ्यांदा उसवलं, पुढं?"